ओळ सहाशे दहा

१९ ऑगस्ट १९८६, मंगळवार

काल सकाळी अंघोळ करून आधी देवळात गेलो आणि लवू गुरवाला कौल लावायला सांगितला. कशासाठी, असे त्याने विचारले. मी म्हटले, मनातल्या मनात विचारतो, तू लाव. त्याने नेहमीप्रमाणे फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवल्या. मी विचारले, त्या यंत्राला हात लावू काय? उजवी पाकळी आधी पडली. उजवा म्हणजे होय. तेथून सरळ शाळेत गेलो, कॉम्प्युटरच्या खोलीचे कुलूप काढले, प्लास्टिकची खोळ घडी करून ठेवली आणि खुर्चीवर बसलो. दीड वर्ष ती खोली मीच झाडतो. बसलो काल पहिल्यांदा.

सरकारी योजनेतून ही दोन यंत्रे आली. त्यांचे शिक्षण घेऊन आलेले मास्तर सहा महिन्यांत कोल्हापूरकडे बदलून गेले. बाकीच्या मास्तरांना यंत्रांची भीती वाटते, पण ते तसे म्हणत नाहीत, वेळ नाही म्हणतात. मी प्रयोगशाळेचा परिचर, म्हणून किल्ली माझ्याकडे.

हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी उठलो नाही. मुद्दाम नव्हे, लक्षच नव्हते. ते म्हणाले, "गुरुदास, परीक्षानळ्या धुऊन झाल्या?" मी धुऊन झाल्या म्हटले. "मग पुन्हा धुवा."

२७ ऑगस्ट

माझे शिक्षण गावातल्या शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचे वाचण्यापुरते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकातले गणिताच्या नर्मदाबाई मधल्या सुट्टीत समजावून देतात. त्या फोंडाघाटहून येतात आणि शाळेत त्यांच्याशीही फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आमचे जमते. आजवर छत्तीस शब्द झाले. तेवढ्यावर यंत्र पुष्कळ ऐकते.

चूक झाली की ते पडद्यावर तसे लिहिते आणि थांबते. हेडमास्तरांनी चूक केली तरी तेच लिहील. माझ्या चुका इतक्या सभ्यपणे आजवर कोणी दाखवल्या नव्हत्या.

१५ सप्टेंबर

गणपती झाले. भावकीचा गणपती एकच, दाजीच्या घरी. आरतीचे ताट पहिले त्याच्या हातात. मी टाळ घेऊन उभा.

दाजी माझा चुलत भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि आता शाळेच्या समितीचा अध्यक्ष. त्यांचे ते खालचे घर, आमचे वरचे. शिमग्यात पालखी देवळातून निघते तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या दारी जायची, हा वाद आमच्या बापांत झाला. आमचे घर थोरल्याचे, म्हणून पहिला मान आमचा. तो आजोबांपर्यंत चालत आला होता. एकावन्न साली लवूच्या बापाने, तेव्हाच्या गुरवाने, देवाला कौल लावला: पहिला मान वरच्या घराचा काय? डावा पडला. तेव्हापासून पालखी आधी खाली जाते. मी तेरा वर्षांचा होतो. त्यानंतर बाबा जगले तितकी वर्षे शिमग्याच्या दिवशी दारात उभे राहिले नाहीत. पालखी आली की गोठ्यात जाऊन बसत.

देवाने दिले ते दिले. माझी तक्रार देवाकडे नाही. पण नामस्मरणाला बसलो की चौथ्या-पाचव्या मण्याला दाजीचे तोंड मध्ये येते, हे खरे. येथे तरी खोटे कशाला लिहू?

आज यंत्रासमोर बसलो असताना सुचले की या पालखीचाच खेळ करावा. बावीस घरे, वाटा, ओहोळ, त्यांवरचे साकव. खेळणाऱ्याने पालखी घरोघर न्यायची आणि उन्हे उतरायच्या आत देवळात परत आणायची. नर्मदाबाई म्हणाल्या, बाहेरच्या खेळांत गोळ्या घालतात, तुमच्यात नारळ मिळतो, चांगले आहे.

६ ऑक्टोबर

एक चित्र म्हणजे आठ आडवी, आठ उभी चौकोनी घरे. कोणते भरायचे, कोणते रिकामे ठेवायचे, ते आलेखाच्या कागदावर आधी काढतो आणि मग आकडे घालतो. बायका ठिपक्यांची रांगोळी घालतात तसेच. पालखी जमायला चार दिवस लागले. पहिली कणगीसारखी दिसत होती. भोई चारच, त्यांना तोंडे नाहीत.

दुपारी वीज गेली आणि तीन दिवसांचे काम गेले. कॅसेटवर घेऊन ठेवायचे राहिले होते. हेडमास्तर हसले नाहीत, फक्त म्हणाले, "देवाक आवडूक नाय दिसता." शाळेत प्रमाणभाषा बोलणारा माणूस नेमका हे बोलताना मालवणीवर आला.

९ नोव्हेंबर, रविवार

खेळाच्या सुरुवातीला फाटा येतो. एका बाजूला वरचे घर, दुसऱ्या बाजूला खालचे. नावे एवढीच घातली आहेत, कोणाला कळायचे कारण नाही. तेथे पालखी थांबते आणि कौल पडतो. उजवा पडला तर पालखी आधी वरच्या घरी, डावा पडला तर खालच्या.

कौल यंत्रावर सोडला आहे. यंत्राला दिलेल्या हुकुमांतली ओळ सहाशे दहा. यंत्र आपल्या मनाने एक किंवा दोन आकडा काढते. एक म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा. कोणता येईल ते मलाही सांगता येत नाही. देव नसलेल्या जागी कौल लावल्यासारखे वाटले.

मग चालवून पाहिले. डावा. पुन्हा डावा. तिसऱ्यांदा डावा.

ती ओळ तात्पुरती बदलली आहे, म्हणजे एकच आकडा येईल. पुढची घरे नीट चालतात की नाही ते तपासायला बरे पडते. नंतर पूर्ववत करीन.

३० नोव्हेंबर

खेळ पुरा झाला. कॅसेटवर घेतला. अठ्ठेचाळीस वर्षांत मी पुष्कळ वस्तू पुसल्या, धुतल्या, जागच्या जागी ठेवल्या. केलेली ही पहिलीच.

नर्मदाबाईंनी एक छापील पत्रक आणले. पुण्याची एक संस्था घरी बनवलेले खेळ मागवते आहे. निवडलेल्यांच्या प्रती काढून शाळाशाळांना पाठवणार, बनवणाऱ्याच्या नावासह. शेवटची तारीख ३१ मार्च. पाठवण्याआधी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवून पाहू, असे त्या म्हणाल्या.

सावित्रीला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "देवाचो खेळ करूचो नसता," म्हणाली आणि निवडत राहिली. बायको आहे, पण माझ्या आनंदाला कधी हातभार लावील तर शपथ.

१० जानेवारी १९८७, शनिवार

कणकवलीचे प्रदर्शन. यंत्र गोधडीत गुंडाळून टेम्पोतून नेले. बाकीच्या टेबलांवर पवनचक्क्या आणि ज्वालामुखी. आमच्या टेबलाभोवती गर्दी. परीक्षकांनी माझे नाव विचारून लिहून घेतले आणि कोणत्या इयत्तेला शिकवता, असे विचारले. मी सांगितल्यावर त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिले.

दुपारी दाजी आला. अध्यक्ष म्हणून त्याला खुर्ची दिली. मला वाटले, दोन मिनिटे बसून जाईल. त्याने एका बोटाने कळा दाबत पालखी उचलली. फाट्यावर उजवा पडला. पालखी वरच्या घरी गेली. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले, खेळ बंद केला आणि पुन्हा सुरू केला. फाट्यापर्यंत जायचे, कौल बघायचा, पुन्हा पहिल्यापासून. मागे लोक खोळंबले. कोणीतरी म्हणाले, दाजीनु, पुढे पण घरां आसत. तो हलला नाही.

मग उठून मला खिडकीपाशी घेऊन गेला. आवाज अगदी खाली.

"बारा खेपा खेळलंय. एकदाय डावो पडूक नाय."

मी म्हटले, यंत्राचे काही सांगता येत नाही.

"माका शिकव नको. एक बाजू पडूचीच नाय असो कौल लायलंस तू." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तुका ह्या कोणी सांगल्यान? लवूच्या बापाशीन?"

लवूचा बाप गेल्या आषाढात वारला. आयुष्यभर देवळाबाहेर न पडलेल्या गुरवाला कॉम्प्युटरमधले काय कळणार? मी म्हटले, मला कोणी सांगितले नाही, माझे मीच शोधून काढले.

प्रशस्तिपत्र मिळाले. येताना टेम्पोत हेडमास्तर पुढे बसले आणि मी मागे, यंत्र धरून.

१३ जानेवारी

भावकी दाजीच्या खळ्यात बसली. मला बोलावले नाही, बसून झाल्यावर निरोप दिला. मी वरच्या घराचा मान परत मागण्यासाठी देवाचा खेळ करून तालुक्यात मिरवला, असे ठरले. होळी पेटेल तेव्हा ती कॅसेट माझ्या हाताने होळीत टाकायची आणि देवाला नारळ ठेवायचा. नाहीतर यंदा पालखी आमच्या दारी येणार नाही.

आज शाळेत किल्ली काढून घेतली. कारण लेखी दिले नाही.

पहिला कोण आणि दुसरा कोण एवढ्यावरून हे सगळे. पडद्यावरच्या आठ चौकोनांच्या घरावरून. माणसाच्या अंगात किती विष असते, ते दाजीकडे पाहून कळते.

२ फेब्रुवारी

विहिरीकडे जाणाऱ्या पाणंदीत भावकीने काजूची काटकी आणि निवडुंग टाकून वई घातली आहे. सावित्री शेताला वळसा घालून पाणी आणते. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावले नाही. काल घागर उतरवून म्हणाली, "तुमच्या त्या खेळात मी खंय आसंय? पाणी भरताना दाखवल्यात काय?" मी म्हटले, खेळात बायका नाहीत. "मगे बरा," म्हणाली.

मी रात्री जेवलो नाही. तिने विचारले नाही.

१७ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. दाजीची आई काशीकाकी, वय ऐंशीच्या पुढे, काठी टेकत वईच्या पलीकडे आली आणि सावित्रीला हाक मारली. पोरांपासून लपवून तिला नारळ दिला. मग विचारले, "लवूच्या बापाशीन मराच्या आधी तुझ्या घोवाक काय सांगल्यान काय गो?" सावित्री म्हणाली, काही नाही, काय सांगणार? म्हातारी म्हणाली, "माझो घोव वाईट माणूस नाय होतो," आणि रडायला लागली.

वय झाले की माणूस कुठले कुठे जोडतो. नारळ मी परत पाठवायला सांगितले. सावित्रीने तो फोडून आमटीत घातला.

८ मार्च, रविवार

तेवीस दिवस उरले पुण्याला पाठवायला आणि सात होळीला. कॅसेट देवघरात ठेवली आहे. रोज पूजेच्या वेळी समोर येते.

आज बसल्या बसल्या स्वतःला सरळ विचारले, गुरुदास, ती ओळ तू पूर्ववत का केली नाहीस? नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तासभर मोकळा होतो. यंत्र समोर होते. एक आकडा बदलायचा होता.

मला डावा पडायला नको होता, हे त्याचे उत्तर. खेळातसुद्धा नको होता. दुसरे कारण नाही. तपासणी वगैरे मी नोव्हेंबरात येथे लिहिले ते खोटे आहे. वहीत खोटे लिहिणार नाही म्हणणारा मी.

दाजीचा राग घरांच्या क्रमाचा, त्याचे तो बघेल. माझे पाप वेगळे आहे. माणसे भांडली, कोर्टात गेली, डोकी फोडली, पण कौल खोटा पाडण्याची हिंमत आमच्या गावात कोणाची झाली नाही. ते करणारा मी पहिला. आणि आता ही कॅसेट पुण्याला गेली तर माझा खोटा कौल शाळाशाळांत पडत राहील. जाळली तर केलेली एकुलती वस्तू गेली. ओळ दुरुस्त करावी तर किल्ली नाही.

१२ मार्च

हेडमास्तरांकडे गेलो. अर्धा तास किल्ली द्या म्हटले. का, म्हणून विचारले. खेळात एक खोट आहे, ती काढायची आहे. ते म्हणाले, जी वस्तू रविवारी जळायची आहे तिची खोट काढून काय करणार? वर म्हणाले, "परिचर आहात, परिचरासारखे राहा. अध्यक्षांनी सांगितले तर आत्ता किल्ली देतो."

म्हणजे दाजीचे पाय धरायचे. त्यापेक्षा होळी बरी, असे वाटेत वाटले. घरी येईपर्यंत वाटत राहिले. जेवताना वाटेनासे झाले. पाय देवाचे धरायचे, तेही सगळ्यांसमोर. दाजी तेथे असेल तर असू दे.

१५ मार्च, रविवार, होळी पौर्णिमा

संध्याकाळी सगळा गाव देवळापुढे. होळी उभी करून झाली होती. मी कॅसेट खिशात घेऊन गेलो. लोक माझ्या खिशाकडे बघत होते.

लवू गाऱ्हाणे घालायला पुढे झाला तेव्हा मी म्हटले, आधी माझे एक गाऱ्हाणे आहे. कोणी नको म्हणायच्या आत सुरू केले. "देवा म्हाराजा, ह्या खेळातलो कौल यंत्रान पाडूक नाय. मी पाडलंय. एकच बाजू पडात असो मी केलंय. ह्या गावात कौल खोटो पाडणारो मी पयलो. आमच्या बापाशींच्या वक्ताक तू दिलंस तो खरो होतो. पयलो मान खालच्या घराचो. माका क्षमा कर, म्हाराजा."

प्रत्येक गाऱ्हाण्यानंतर सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. माझ्या जन्मात ते चुकलेले ऐकले नव्हते. आज कोणी म्हटले नाही. लवूच्या हातातली गंधाची वाटी सांडली. त्याला बापाची सर नाही, म्हाताऱ्याचा हात कधी हलत नसे.

मग मी म्हटले, नारळ ठेवतो, पण कॅसेट जाळणार नाही. चूक एका ओळीची आहे. ती दुरुस्त करतो, किल्ली द्या. दाजी खांबाला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघूनच म्हटले, "एकावन साली पडलो तसोच खरो कौल आता ह्या खेळात पडतलो."

"गुरू, गप रव," तो म्हणाला. "पुरे कर."

आणि होळी पेटायच्या आधी देवळातून निघून गेला. मानकरी गेला म्हणून सगळे थांबले. मी स्वतःहून त्याचा मान कबूल केला, बापाचा हट्ट सोडला, तेसुद्धा त्याला गोड लागले नाही. एवढा द्वेष मी कुठे पाहिला नाही. शेवटी त्याच्यावाचून होळी पेटवली.

१७ मार्च

पालखी निघाली. दाजीने निरोप पाठवला होता की त्याला ताप आहे, पहिल्यांदा वर न्या. भोई गोंधळले. मी दारात उभा होतो, मी परत पाठवली. मान तुमचा, ताप उतरेपर्यंत पालखी फाट्यावर थांबेल, असे दाजीला कळवले. तासभर थांबली. मग काशीकाकीने दार उघडून घेतली. दाजी बाहेर आला नाही. आमच्याकडे दुसऱ्या क्रमाने आली. सावित्रीने ओवाळले.

१८ मार्च, बुधवार

सकाळी शाळेत पोचलो तर दाजी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात, हातात किल्ली. ताप असल्यासारखा दिसत होता. हेडमास्तर व्हरांड्यातून बघत होते. त्याने स्वतः कुलूप काढले आणि माझ्या मागे उभा राहिला. मी चुकतो कुठे ते बघायला आला असणार.

कॅसेटवरून खेळ चढायला सात मिनिटे लागतात. तोवर टेप फिरत राहिली. मग त्याने विचारले, "पाकळी कशान चिकटयतत, गुरू? पाण्यान काय गंधान?"

हा काय प्रश्न झाला. म्हटले, "पाण्यान. गंध लायलो तर ती पडतलीच नाय."

"ह्या तुका म्हायत आसा."

"शेंबड्या पोराक पण म्हायत आसा, दाजी."

"आणि लवूच्या बापाशीन तुका खराच काय सांगूक नाय?"

"नाय. काय सांगतलो?"

तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, आता दोन्ही बाजू सारख्या पडतील ना? मी होय म्हटले. कोणाच्याही हातात राहणार नाही? मी म्हटले, माझ्यासुद्धा नाही. "मगे तसोच धाड," म्हणाला आणि गेला. किल्ली टेबलावर ठेवून गेला. क्षमा केली असे एका शब्दाने म्हणाला नाही, आणि मीही मागितली नाही.

ओळ सहाशे दहा पुसली आणि नव्याने लिहिली. चालवून पाहिले. डावा पडला. पालखी खालच्या घरी गेली. मी हात मांडीवर ठेवून बघत राहिलो. पुन्हा चालवले नाही. कॅसेटवर घेतले, नर्मदाबाईंनी पत्ता इंग्रजीत घालून दिला, आणि मधल्या सुट्टीत तळेऱ्याच्या पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टरने पुण्याला टाकले. आता ते परत मागवता येणार नाही.